पाहून सांगतो जी!

पगारवाढीसाठी बॉसशी तासभर हुज्जत घालणारे भलेभले एका प्रश्नापुढे गप्प होतात : गळका नळ दुरुस्त करायचे किती द्यायचे? या वेळी याचं उत्तर शोधायला मॉलमध्ये नाही, वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत चक्कर मारू या...

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलात की सतरा-अठरा किलोमीटरवर देवळी लागते. दोन्ही बाजूंना काळीभोर शेतं, कपाशी, तूर, सोयाबीन. मग एमआयडीसीच्या शेड दिसू लागतात आणि गाव सुरू होतं. तालुक्याचं ठिकाण, नगर परिषद, शाळा-कॉलेजं, कृषी केंद्रं, मोबाइलची दुकानं आणि काउंटरबाहेर पांढऱ्या-क्रीम रंगाच्या पाइपांचे भारे उभे करून ठेवलेली हार्डवेअरची दुकानं. टूरिस्ट लोकांच्या यादीत देवळी नसते. ते सेवाग्रामला बापू कुटी बघतात, पवनारला धाम नदीकाठी फोटो काढतात आणि परत फिरतात.

पण ‘आई-बाबा देवळीत आणि आपण हिंजवडीत’ या कॅटेगरीतल्या मंडळींना हे गाव चांगलंच ठाऊक असतं. दिवाळीला जायचं, उन्हाळ्यात जायचं आणि दोन्ही वेळा चहाचा कप हातात येण्याआधी एक वाक्य कानावर येतं, ‘तो बाथरूममधला नळ जरा बघतोस का?’ बघायला आपल्याला येत नाही. बोलावायचं कोणाला, द्यायचं किती, हेही माहीत नसतं. मग कधी पाचपट पैसे जातात, तर कधी घासाघीस करून वाचवलेल्या शंभर रुपयांपायी पुढच्या वेळी कोणी फोनच उचलत नाही.

देवळीची गंमत अशी, की इथे रेट बोर्डावर लिहिलेला नसतो, तो ठरतो. आणि तो कसा ठरतो हे कळलं, की तुमचं पुण्यातल्या फ्लॅटमधलं टेन्शनही निम्मं कमी होतं.

काळी माती, क्षारांचं पाणी, पंचेचाळीस डिग्री

आधी इथले नळ का गळतात ते बघू. कारण काम काय आहे हे कळल्याशिवाय भाव कळत नाही.

देवळीची जमीन म्हणजे कापसाची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ही माती मानवते, अंगणात पुरलेल्या पाइपाला नाही. माती हलली की सांध्यावर ताण येतो. म्हणून दर पावसाळ्यानंतर अंगणातला एखादा कोपरा विनाकारण ओला दिसायला लागला, तर तिथे बहुतेक एखादा सांधा सुटलेला असतो.

दुसरी गोष्ट पाणी. बेसॉल्ट खडकातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, स्पिंडल जाम होतो, आपण जोर लावून नळ पिळतो आणि वॉशर फाटतो. नव्या ‘पाव फेऱ्या’च्या नळांमध्ये वॉशरऐवजी सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं. त्यात कचरा अडकला की तेही टपकायला लागतं.

तिसरं ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गच्चीवरचा उघडा पीव्हीसी पाइप वर्षानुवर्षं असं ऊन खाऊन ठिसूळ होतो. त्यात विदर्भाचा लाडका कूलर! मार्च लागला की घरोघरी कूलर खाली उतरतात आणि त्यांना पाण्याची लाइन, फ्लोट व्हॉल्व्ह, पंप असं सगळं जोडायचं असतं. म्हणजे तुम्हाला प्लंबर हवा असतो, नेमका तेव्हाच तो सगळ्या गावाला हवा असतो.

टपटप किरकोळ वाटते, पण हिशोब करून बघा. पाव मिलिलिटरचा एक थेंब, सेकंदाला एक, असं धरलं तरी दिवसाला साडेएकवीस लिटर पाणी जातं. म्हणजे दीड बादली. आणि मे महिन्यात दीड बादली पाणी म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

शब्दांचे अर्थ ओळखा

फोन केल्यावर पहिलं उत्तर येतं, ‘पाहून सांगतो जी!’ पुण्या-मुंबईच्या कानाला ही टाळाटाळ वाटते. तशी ती नसते. फोनवर ‘नळ गळतो’ एवढंच सांगितलं तर वॉशर बदलायचा, नळ बदलायचा की भिंतीतला पाइप फुटलाय, हे कोणालाच सांगता येणार नाही. न बघता ठाम आकडा सांगणाऱ्यापेक्षा पाहून सांगणारा बरा.

पण ‘पाहून सांगतो’ला तुम्ही मदत करू शकता. व्हॉट्सअॅपवर तीन फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा : पूर्ण नळ, त्याचा भिंतीतला जोड, जवळचा बंद करायचा व्हॉल्व्ह आणि पाणी नेमकं कुठून येतंय ते. पाइप लोखंडी की प्लास्टिकचा, क्रीम रंगाचा की पांढरा, हे सांगा. मेन व्हॉल्व्ह बंद होतो का, तेही. एवढ्यावर अनुभवी माणूस ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ असा अंदाज देऊ शकतो. शिवाय सामान सोबतच घेऊन येतो, म्हणजे त्याची एक फेरी वाचते आणि तुमचे पैसे.

दुसरं वाक्य जास्त गोड आणि जास्त महाग : ‘समजून द्या नं भाऊ.’ ऐकायला किती छान! पण काम झाल्यावर तुम्ही ‘समजून’ दिलेले त्याला कमी वाटतात आणि त्याने अपेक्षिलेले तुम्हाला जास्त. दोघंही मनात कुढत घरी जातात. यावर उपाय एकच. हसून म्हणायचं, ‘तसं नको भाऊ, आकडा सांगा. काम वाढलं तर थांबून बोलू.’ वयाने मोठे असतील तर ‘काका’ म्हणा, पण आकडा काम सुरू होण्याआधीच घ्या.

तिसरं, ‘सगळी लाइनच बदलवा लागते.’ कधी ते खरंही असतं. जुन्या लोखंडी पाइपात आतून इतकी खपली धरलेली असते, की एक जोड उघडला तर दुसरा तुटतो. अशा वेळी भांडायचं नाही, विचारायचं : कुठून कुठपर्यंत? किती फूट? नुसता हा तुकडा बदलला तर किती दिवस निभेल? भिंत फोडली तर बुजवणार कोण, टाइल लावणार कोण? मोठी भांडणं नळावरून होत नाहीत, फोडलेल्या भिंतीवरून होतात. प्लंबर निघून जातो आणि मिस्त्रीचा खर्च वेगळा उभा राहतो. तेव्हा तोडफोड-बुजवणीचा आकडा वेगळा मागाच.

आणि चौथा प्रश्न तुम्ही विचारायचा : ‘रोजीनं की ठेक्यानं?’ पुण्याकडे ज्याला ‘उक्तं’ म्हणतात, तोच इथला ठेका. काम किती आहे ते दिसत असेल, तर ठेका बरा. भिंतीत काय निघेल ते माहीत नसेल, तर रोजी बरी. मात्र दिवसभर घरी कोणीतरी हवं.

अर्थशास्त्रात अशा सेवांसाठी एक छान कल्पना आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी १९७३ मध्ये ती मांडली : काही गोष्टी अशा असतात, की विकत घेतल्यानंतरही त्या खरंच गरजेच्या होत्या का, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. निदान करणारा आणि औषध विकणारा एकच असला की असं होतं. नळाचंही तेच! म्हणून एक साधी सवय लावून घ्या. बदललेला जुना भाग मागून घ्या. फाटका वॉशर हातात आला की शंका आपोआप मिटते, तुमचीही आणि त्याचीही.

तासाचा नाही, फेरीचा भाव

आता खरा हिशोब. ‘दहा मिनिटांच्या कामाचे एवढे?’ हा आपला ठरलेला डायलॉग. पण दहा मिनिटं हे काम नसतंच!

हिशोबापुरते आकडे धरू. समजा कुशल माणसाची दिवसाची रोजी ८०० रुपये आहे. आठ तासांनी भागलं तर तासाला १०० येतात आणि आपल्याला वाटतं, वॉशरचे ५० पुरे. पण तो माणूस आधी फोन घेतो, गाडीला किक मारून येतो, बघतो, हार्डवेअरच्या दुकानात जातो, परत येतो, काम करतो, पाणी सोडून तपासतो. अशी किरकोळ कामं दिवसात तीन, फार तर चार होतात. म्हणजे ८०० भागिले तीन : एका फेरीचे साधारण २६५ रुपये पडले, तर त्याला मोठ्या साइटवर रोजीने गेल्याइतकेच सुटतात. पेट्रोल आणि हत्यारांची झीज वेगळी. तुमच्या भागात रोजी काय चालू आहे, हे शेजारी बांधकाम सुरू असेल तर दोन मिनिटांत कळतं. तिला तीनने भागा, पेट्रोल मिळवा. किरकोळ कामाच्या मजुरीचा तुमचा स्वतःचा रेट तयार! सांगितलेला आकडा याच्या आसपास असेल तर गुपचूप हो म्हणा. दुप्पट-तिप्पट असेल तर कारण विचारा.

याच हिशोबातून बचतीचा सगळ्यात मोठा फंडाही निघतो : कामं साठवा. एका नळासाठी एक फेरी, फ्लशसाठी दुसरी, टाकीच्या फ्लोटसाठी तिसरी असं करण्यापेक्षा चार कामांची यादी करून एकदाच बोलवा. फेरीचे पैसे एकदाच जातात आणि अर्ध्या दिवसाचं काम म्हणून तोही खुशीने येतो. सर्वांत चांगला मुहूर्त फेब्रुवारी. कूलरची गर्दी सुरू झालेली नसते. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला की मात्र हातात पाना असलेला माणूसही घरच्या पेरणीला गेलेला असू शकतो. त्याला ‘प्रोफेशनल नाही’ म्हणू नका. त्याची ती पहिली नोकरी आहे.

‘तीन कोटेशन घ्या’ हा शहरी मंत्र इथे जपून वापरा. संपूर्ण बाथरूम नवं करायचं असेल तर जरूर घ्या, तिन्ही एकाच लेखी यादीवर घ्या आणि ‘पॉइंटमागे’ भाव सांगितला तर पॉइंट म्हणजे नेमकं काय धरलंय ते विचारा. पण वॉशरसाठी तिघांना घरी बोलावून दोघांना रिकाम्या हाती पाठवलंत, तर संध्याकाळपर्यंत ते तिघंही एकाच चहाच्या टपरीवर भेटलेले असतात! छोट्या कामाला दोन फोन पुरे. कोणी येऊन बघून गेला आणि काम दिलं नाहीत, तर पेट्रोलचे पैसे आठवणीने हातात ठेवा.

काउंटरच्या अलीकडे, पलीकडे

मजुरी ठरली, पण सामान? हार्डवेअरचं दुकान हे देवळीतलं खरं माहिती केंद्र. कोण नीट काम करतो, कोण अर्धवट टाकून जातो, हे काउंटरमागच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

फिटिंगच्या धंद्यात छापील किमतीवर सूट मिळणं नेहमीचं आहे. प्लंबरला ती सूट मिळते, कधी दुकानदाराकडून कमिशन मिळतं, पाइप कंपन्यांच्या प्लंबरसाठी पॉइंट-कूपनच्या स्कीमही असतात. यात लगेच चोरी शोधू नका. सामान निवडणं, आणणं, चुकलं तर बदलून आणणं हेही काम आहे. फक्त ते झाकलेलं नसावं. दोन रस्ते आहेत. एक, सामान त्याने आणायचं, दुकानाचं बिल तुम्हाला द्यायचं आणि आणण्याचे थोडे पैसे मजुरीत धरायचे. दुसरा, त्याने चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि तुम्ही आणायचं. मात्र दुसऱ्या रस्त्यात चुकीच्या मापाचं आलं तर फेरी तुमची, त्याचा खोळंबाही तुमचाच.

चिठ्ठीत माप हवंच : अर्धा इंच की पाऊण, आतली चुडी की बाहेरची. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी लागतो, त्याला त्याचंच सोल्युशन लागतं. आणि सांधा चिकटवल्यावर ‘आज पाणी सोडू नका’ असं कोणी सांगितलं तर कुरकुर करू नका. तो वेळकाढूपणा नसून कामाचाच भाग आहे.

दोन गोष्टींत स्वस्ताच्या मागे लागायचं नाही. नगर परिषदेच्या मुख्य लाइनवरचं कनेक्शन परवानगीशिवाय कोणी ‘करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. आणि सेप्टिक टँक तुंबला असेल, तर माणूस आत उतरवून सफाई करून देणारं कोटेशन कितीही कमी असो, ते फाडून टाका. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय अशा टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या वायूने जीव जातो. मशीनची गाडीच बोलवा.

अॅप आणि लंडनचा नळ

मोठ्या शहरांत यावर अॅपचा उतारा निघाला. २०१४ मध्ये सुरू झालेली अर्बनक्लॅप, जी २०२० मध्ये अर्बन कंपनी झाली, तिने नळ बदलण्यापासून फ्लशपर्यंत सगळ्याचे रेट स्क्रीनवर आणले. लंडनमध्ये प्लंबर दारात येण्याचेच पैसे वेगळे लावतो. ‘कॉल-आउट चार्ज’ म्हणतात त्याला. म्हणजे जी फेरी देवळीत मजुरीच्या पोटात लपलेली असते, ती तिथे बिलावर उघड लिहिलेली असते. फरक एवढाच!

आणि रेट कार्ड आपल्याकडे अगदीच नाही असंही नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते, पाणीपुरवठ्याच्या कामांसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची वेगळी असते. तुमच्या वॉशरचा भाव त्यात शोधू नका. पण प्रत्येक काम नगात, मीटरमध्ये मोजून कसं लिहायचं, हे शिकायला ती झकास आहे.

तसंही, खर्च आधी ठरवून काम सुरू करायची या जिल्ह्याची परंपरा मोठी आहे. देवळीहून फार लांब नसलेल्या सेवाग्रामला १९३६ मध्ये गांधीजींसाठी घर बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या : खर्च ठरल्या मर्यादेत आणि साहित्य-कारागीर आसपासचेच. एस्टिमेट याहून वेगळं काय असतं?

पुण्याहून फोन जातो तेव्हा...

आता मुद्द्याचं. देवळीत अॅप नाही, पण एक अडचण मात्र नव्या जमान्याची आहे. काम आई-बाबांच्या घरी, बोलणी करणार पुण्याहून आपण, पैसे जाणार यूपीआयने. आवाजातच पॅकेज ऐकू येतं आणि आकडा फुगतो. किंवा उलट, आपण पुण्यात बसून ‘देवळीत एवढे कशाला?’ म्हणून आकडा दाबतो आणि माणूस दुखावतो. दोन्ही वेळा किंमत मोजतात ते आई-बाबा. एका वेळी पैशात, दुसऱ्या वेळी पाण्याच्या बादल्या उचलून.

सत्तरीच्या माणसाला ओल्या बाथरूममध्ये पाय घसरणं परवडत नाही. मे महिन्यात टाकी रिकामी झाली तर कूलर बंद पडतो आणि तो पंचेचाळीस डिग्रीत बंद पडणं ही गैरसोय नव्हे, धोका आहे. अशा सकाळी सात वाजता फोन केल्यावर ‘आलोच काका’ म्हणणारा एक माणूस असणं, हीच खरी कमाई. तो माणूस सर्वांत कमी रेटवाला नसतो. ज्याला आपण ठरलेले पैसे ठरल्या वेळी दिलेत, तो असतो.

म्हणून बोलणी शक्यतो बाबांना किंवा आईलाच करू द्या. गाव त्यांचं आहे, ‘भाऊ’ म्हणायचा हक्कही त्यांचाच. तुम्ही फोटो पाठवा, हिशोब समजावून सांगा, पैसे लगेच पाठवा. एका प्लंबरशी वर्षभराचं नातं ठेवा. काम बिघडलं तर पहिल्यांदा त्यालाच परत बोलवा. आठ दिवसांत तोच सांधा गळला तर मजुरी न घेता दुरुस्त करायचं, हे आधीच बोलून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहेच. पण तीनशे रुपयांच्या नळासाठी तिथवर जायची वेळ येऊ न देणं, हेच शहाणपण!

पुढच्या वेळी देवळीला जाल तेव्हा मिठाईचा बॉक्स न्याच, पण घरातले सगळे नळ एकदा उघडून-बंद करून बघा आणि यादी करा. गावातल्या माणसाला गावातला योग्य भाव देऊन काम करून घ्या. आणि त्याचा नंबर आईच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. तुमच्या नाही, आईच्या!

पटकन चेकलिस्ट

• फ्लश गळतोय का? टाकीत खाण्याचा रंग टाका. पंधरा-वीस मिनिटांत न ओढता भांड्यात रंग उतरला, तर गळतोय.
• टाकी आपोआप रिकामी होते? रात्री पातळीला खूण करा, मेन व्हॉल्व्ह बंद ठेवा, सकाळी बघा.
• मजुरी, सामान, तोडफोड : तीन आकडे वेगळे. व्हॉट्सअॅपवर एका ओळीत लिहून घ्या.
• काम वाढलं तर आधी विचारायचं, मग करायचं.
• जुना भाग आणि दुकानाचं बिल परत मागा.
• पाणी सोडून, पाच मिनिटं थांबून, मगच पैसे.

कसं जाल? नागपूरहून वर्धा आणि तिथून यवतमाळ रोडने देवळी. वर्धा-कळंब रेल्वेमार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, देवळी त्याच मार्गावर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात जायचंच असेल, तर कूलर सुरू आहे का, हे आधी फोन करून विचारा!